हॅमस्टरला सोबत नेऊ नका: परदेशी निघालेल्या आईबाबांना एका पशुवैद्याचं खुलं पत्र

सामान बांधायला घेतलेल्या आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुत्र्या-मांजरांच्या पालकांसाठी नाही. त्यांच्यासाठी एजंट आहेत, व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर वेगळं पान आहे, आणि ‘आम्ही आमच्या लॅब्राडोरला नेलं, काही त्रास झाला नाही’ असं सांगणारं कुणी ना कुणी सोसायटीत सापडतंच. हे पत्र त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात एक पिंजरा आहे, पिंजऱ्यात शंभर-सव्वाशे ग्रॅमचा हॅमस्टर आहे आणि ज्यांना कंपनीने तीन-चार आठवड्यांत तिकडे रुजू व्हायला सांगितलंय. गिनीपिगवाल्यांनीही वाचावं. त्यांची बाजू थोडी वेगळी आहे, तिच्याकडे येतेच.

तुम्ही पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात येता ते बहुधा तिकीट काढून झाल्यावर. ‘डॉक्टर, फक्त फिट-टू-फ्लायचं सर्टिफिकेट द्या, बाकी आम्ही बघतो.’ शेजारी मुलगी मांडीवर भोकं पाडलेला डबा घेऊन बसलेली असते. सर्टिफिकेट द्यायला माझी काही हरकत नसते. प्राणी खातोय, डोळे स्वच्छ आहेत, शेपटीखाली कोरडं आहे, श्वास नीट चाललाय, एवढं बघून ‘आजच्या तारखेला हा प्राणी निरोगी आहे’ असं मी लिहून देऊ शकते. पण त्या कागदाने समोरचा देश दार उघडत नाही, आणि विमान कंपनी तो डबा आत घेत नाही. ‘बाकी’ म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवता, खरं काम तेवढंच असतं.

लंडनचंच बघा, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक तिकडेच निघालेले असतात. पुण्यातला कुत्रा लंडनला न्यायचा तर त्याला मायक्रोचिप लावायची, रेबीजची लस द्यायची, किमान ३० दिवस थांबून रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, रक्त काढल्या तारखेपासून ३ महिने जाऊ द्यायचे, मग आरोग्य प्रमाणपत्र आणि जंताचं औषध. वेळ लागतो, पैसे लागतात. पण एवढं सगळं नीट झालं की तो कुत्रा कार्गोतून हीथ्रोला उतरतो आणि कागद तपासून झाले की घरी जातो. विलगीकरण नाही.

आता तुमचा हॅमस्टर. युरोपीय संघातून येणाऱ्या पाळीव उंदरा-हॅमस्टरांना ब्रिटन अडवत नाही. बाहेरून, म्हणजे भारतातून, येणाऱ्याला मात्र आधी रेबीजचा आयात परवाना काढावा लागतो आणि तिथे गेल्यावर मान्यताप्राप्त केंद्रात सक्तीचे ४ महिने काढावे लागतात. रेबीजसाठी. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हॅमस्टर, गिनीपिग, जर्बिल अशा छोट्या प्राण्यांत हा रोग जवळपास आढळतच नाही आणि त्यांच्यापासून माणसाला झाल्याची अमेरिकेत नोंद नाही, असं तिथलं रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, म्हणतं. तरी कुत्रा घरी आणि हॅमस्टर आत. हे मी पहिल्यांदा एका आजोबांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. त्यांच्या नातवाला काही हसू आलं नाही.

यामागे कुणाचा दुष्टपणा नाही. ब्रिटनचा मूळ आदेश १९७४चा. तो सस्तन प्राण्यांना सरसकट लागू होता आणि तेव्हा मुदत ६ महिन्यांची होती. २००० साली कुत्र्या-मांजरांसाठी त्यातून वाट काढली गेली, कारण त्यांच्यासाठी लस होती आणि लस लागू पडली की नाही हे रक्त तपासून कळत होतं. हॅमस्टरसाठी रेबीजची मान्यताप्राप्त लसच नाही. लस नाही म्हणून तपासणीला अर्थ नाही, आणि तपासणी करायची म्हटली तरी त्याच्या अख्ख्या अंगात रक्त असतं नऊ-दहा मिलिलिटर. म्हणजे त्याचा धोका कमी म्हणून कुणी लस काढली नाही, आणि लस नाही म्हणून त्याला कोठडी. नियम बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमच्या हॅमस्टरच्या हयातीत तो बदलेल या भरवशावर तिकीट काढू नका.

हयातीचा हा मुद्दा जरा नीट ऐका, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. हॅमस्टर जगतो दोन वर्षं, फार फार तर अडीच-तीन. दुकानातून आणता तेव्हा तो महिना-दीड महिन्याचा असतो, दीड वर्षाचा झाला की म्हातारा. दोन वर्षांतले चार महिने म्हणजे सहावा हिस्सा. बहात्तर वर्षं जगणाऱ्या माणसाला गुन्हा नसताना बारा वर्षं आत ठेवल्यासारखं आहे ते. वर त्याचा रोजचा खर्च तुम्ही पौंडात देणार. आणि एवढं करून सुटल्यावर तुमच्या मुलीच्या हातात जो प्राणी येईल तो उतारवयाला लागलेला असेल. तिला तो ओळखेल का, हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. हॅमस्टर माणूस ओळखतो तो मुख्यतः वासावरून, तेही रोज हाताळलं तर. चार महिन्यांनंतर ओळख पहिल्यापासून सुरू करावी लागणार, हे गृहीत धरा.

‘आम्ही लंडनला नाही, दुसरीकडे चाललोय’ म्हणणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. ऑस्ट्रेलियात हॅमस्टर पाळायलाच परवानगी नाही, न्यूझीलंडमध्येही नाही. तो विषय तिथेच संपला. ऑस्ट्रेलियाने तर भारतातून थेट कुत्रासुद्धा घेतलेला नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात त्याला ठेवावं लागतं. जपानने १ सप्टेंबर २००५ पासून असा नियम केला की येणारा उंदीरवर्गीय प्राणी जन्मापासून त्या-त्या सरकारने मान्य केलेल्या केंद्रात ठेवलेला असला पाहिजे. प्रयोगशाळेतल्या उंदराला हे जमतं. कोथरूडच्या दुकानातून आणून कपाटाशेजारी वाढवलेल्या हॅमस्टरला कसं जमणार? सिंगापूरमध्ये हॅमस्टर आणि गिनीपिग पाळता येतात, पण नेण्याआधी परवाना हवा. युरोपीय संघाच्या २०१३च्या नियमावलीने कुत्रा, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) यांच्यासाठी एकच पद्धत घालून दिली. उंदीर-सशांचं मात्र ज्याच्या-त्याच्या देशावर सोडलं. म्हणून म्युनिकच्या मित्राचा अनुभव अॅमस्टरडॅमला चालेलच असं नाही. अमेरिका केंद्रीय पातळीवर अडवते ते प्रामुख्याने आफ्रिकेतून येणाऱ्यांना, पण राज्याराज्यांत फरक आहे: कॅलिफोर्नियात जर्बिल पाळणं बेकायदा, हवाईत हॅमस्टरही. कॅनडा त्यातल्या त्यात मोकळा, पण अल्बर्टा प्रांताने १९५० पासून मोठ्या उंदरांविरुद्ध (‘रॅट’) मोहीम चालवलीय आणि तिथे पाळीव रॅटही, पांढरा असो की काळा, चालत नाही. कॅलगरीला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढी धास्ती कशाची, असं विचारू नका, निदान पुण्यात तरी. १८९६ साली मुंबईच्या बंदरात प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं, रँड इथे कशासाठी आला होता आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. जहाजातून उतरलेला उंदीर शहराचं काय करू शकतो हे जगातल्या प्रत्येक बंदराला माहीत आहे. आणि ही जुनीच गोष्ट आहे असंही नाही. २००३ साली घानाहून काही आफ्रिकी उंदीरवर्गीय प्राणी पाळण्यासाठी म्हणून अमेरिकेत आले. त्यांच्याजवळ ठेवलेल्या प्रेअरी डॉगना (नावात ‘डॉग’ असलं तरी हा खारीच्या कुळातला प्राणी) मंकीपॉक्स झाला आणि त्यांच्यापासून सहा राज्यांतल्या ४७ जणांना. आफ्रिकेतल्या उंदीरवर्गीयांवरची बंदी तेव्हापासूनची. २०२२च्या जानेवारीत हाँगकाँगमध्ये एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या हॅमस्टरांत कोविड सापडला. सरकारने सुमारे २,००० हॅमस्टर आणि इतर छोटे प्राणी मारले, आणि काही आठवड्यांत विकत घेतलेले हॅमस्टर लोकांनी घरातून आणून द्यावेत असं सांगितलं. मुलांच्या हातातून पिंजरे घेतले गेले. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हे असतं. तुमच्या मुलीने ‘बिस्किट’ नाव ठेवलेला एक विशिष्ट हॅमस्टर नसतो.

देशाने हो म्हटलं तरी विमान उरतंच. आपल्याकडे केबिनमध्ये प्राणी नेऊ देणाऱ्या कंपन्यांच्या नियमांत कुत्रा आणि मांजर असतात, कुठे पक्षी. हॅमस्टरचं नाव मला दिसलेलं नाही. गणपतीचं वाहन म्हणून आपण ज्याच्यापुढे हात जोडतो त्याच्या भाऊबंदाला न्यायला वाहन मिळत नाही, अशी ही गत. कारण त्याच्या दातांत आहे. हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं, आणि विमानाच्या भिंतींमागे मैलोन्‌मैल वायरी असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिस्बनहून अझोर्स बेटांवर गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या कार्गोतून १३२ हॅमस्टर पिंजऱ्यातून निसटले. सगळे शोधून काढेपर्यंत ते विमान कित्येक दिवस बेटावर उभं होतं. आता तुम्हीच सांगा, कुठल्या विमान कंपनीला तुमच्या डब्याचं झाकण घट्ट आहे यावर विश्वास ठेवावासा वाटेल?

राहिला कार्गो. तिथे आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम लागतात. कुत्र्या-मांजरांचा प्लॅस्टिकचा क्रेट उंदीरवर्गीयांना चालत नाही, कुरतडता येणार नाही अशी पेटी लागते. पेटी झाली, तरी आतला प्राणी काही पेटीसारखा नाही. थंडी फार वाढली, पाच अंशांच्या आसपास गेली, की हॅमस्टर सुस्त, गार पडतो. बघणाऱ्याला मेलाच वाटतो. मुंबईच्या मे महिन्यात धावपट्टीवर पेटी उन्हात राहिली तर उलट धोका. कोवळ्या हॅमस्टरांना ताणामुळे जुलाबाचा एक आजार होतो, शेपटीखालचा भाग ओला दिसतो, आणि उपचार उशिरा मिळाले तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. तो आजार दवाखान्यात असताना आटोक्यात आणणंच अवघड, विमानात कोण बघणार? ‘झोपेचं औषध देऊन पाठवू का?’ असं विचारू नका. उत्तर नाही असंच आहे. गुंगीत त्याचं तापमान आणि श्वास सांभाळला जात नाही.

एक माहिती काही जण मला मोठ्या उत्साहाने सांगतात, म्हणून तिचाही निकाल लावते. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्रायल अहरोनी यांनी सीरियात अलेप्पोजवळ सोनेरी हॅमस्टरची एक मादी आणि तिची पिल्लं जमिनीतून खणून काढली. आज घराघरांत असलेले सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्याच कुटुंबाचे वंशज. त्यातले काही पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून पळाले, हे वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी त्यांची काही पिल्लावळ इंग्लंडला पोहोचली ती एका शास्त्रज्ञाच्या कोटाच्या खिशातून. खरं आहे. पण ते १९३१ साल होतं आणि प्रवाशांचं सामान तपासणारी क्ष-किरण यंत्रं नव्हती. आज खिशात घालून न्यायचा प्रयत्न केलात तर तो सुरक्षा तपासणीत सापडतो. इथे सापडला तर तुम्हाला विमानतळाच्या दारात त्याचं काय करायचं ते दहा मिनिटांत ठरवावं लागेल. तिकडे सापडला तर ते तुम्ही ठरवणार नाही, ते लोक ठरवतील. अमेरिकेत एका विद्यार्थिनीला विमानतळावर ऐन वेळी हॅमस्टर नाकारला गेला आणि तिने तो टॉयलेटमध्ये फ्लश केला, ही बातमी २०१८ मध्ये जगभर गाजली होती. लोकांनी तिला खूप बोलून घेतलं. मला ती बातमी वाचून राग कमी आणि धडकी जास्त भरली, कारण असा घाबरून गेलेला चेहरा मी टेबलाच्या पलीकडे पाहिलेला आहे.

गिनीपिगवाल्यांनो, आता तुमचं. तुमचा प्राणी पाच ते आठ वर्षं जगतो, त्यामुळे चार महिन्यांचं गणित तुमच्यासाठी एवढं क्रूर नाही. देश हो म्हणत असेल, हातात वेळ आणि पैसा असेल, तर विचार करायला जागा आहे. पण दोन गोष्टी. गिनीपिगचं पोट सतत चालू लागतं. अर्धा-एक दिवस खाणं थांबलं की आतडी मंदावतात आणि तिथून परत आणणं कठीण. म्हणून प्रवासभर गवत आणि रसाळ भाजी पेटीत हवी, आणि मधल्या विमानतळावर कोण बघणार हे कार्गो एजंटकडून आधी लेखी घ्या. क जीवनसत्त्व त्याचं शरीर आपल्यासारखंच तयार करत नाही, तेही सांभाळा. दुसरं, जोडी फोडू नका. स्वित्झर्लंडने २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवणं कायद्यानेच बंद केलं आहे, ते उगाच नाही. ‘एकाला नेतो, एकाला मावशीकडे ठेवतो’ यात दोघांचंही वाटोळं. हॅमस्टरचं नेमकं उलट: सोनेरी हॅमस्टर एकटाच हवा, दुकानदाराने जोडी गळ्यात मारली तरी. एकत्र ठेवलेले दोन मोठे हॅमस्टर रक्तबंबाळ होऊन माझ्याकडे येतात. आणि नर-मादी असतील तर १६ दिवसांत तुमच्या बॅगा राहतील बाजूला, आधी आठ-दहा पिल्लांना घर शोधावं लागेल.

मग हॅमस्टरचं करायचं काय? इथेच घर शोधायचं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात नाही, ऑफर लेटर आल्याच्या आठवड्यात. वेताळ टेकडीवर किंवा सोसायटीच्या बागेत ‘मोकळं’ सोडणं म्हणजे त्याला मांजर, घार नाहीतर भूक यांच्या हवाली करणं. शिवाय तो १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त ५० रुपये आहे, एवढ्यात हल्ली दोन वडापावसुद्धा नीट येत नाहीत, त्यामुळे कायद्याची भीती मी तुम्हाला घालत नाही. परत दुकानात नेऊन देणंही टाळा. तिथे तो पुन्हा काचेच्या पेटीत वीस जणांत जातो.

शाळेतल्या मित्राचं घर उत्तम, पण मित्राशी नाही, मित्राच्या आईशी बोला. रात्री दोन वाजता चाक फिरल्याचा आवाज होतो, हे तिला आधीच सांगा; हॅमस्टर परत येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असतं. पिंजरा, चाक, पाण्याची बाटली तर द्याच, पण वापरलेला भुसाही मूठभर द्या, पिंजरा धुवून चकाचक करून देऊ नका. जुन्या वासाने तो नव्या घरात लवकर स्थिरावतो. वय खरं सांगा. सव्वा वर्षाच्या हॅमस्टरला ‘लहानच आहे’ म्हणून दिलं, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या एका मुलाला धक्का बसेल आणि तुमचा फोन बंद लागेल.

तुमच्या मुलीलाही खरं सांगा. ‘तो मागच्या विमानाने येणार आहे’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात ऐकलं की मध्ये बोलते, आईबाबांना राग आला तरी. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘तिकडे त्याला चार महिने एकटं ठेवतील म्हणून तो इथेच राहणार’ हे समजतं. कुणाकडे द्यायचं हे ठरवताना तिला बरोबर घ्या. आणि लंडनला जाणाऱ्यांच्या बाबतीत घड्याळ तुमच्या बाजूने आहे. तिकडे शाळा सुटून संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ झालेले असतात, म्हणजे हॅमस्टर नुकताच उठलेला असतो. व्हिडिओ कॉलला याहून चांगली वेळ नाही. कॅलिफोर्नियावाल्यांनी शनिवारी सकाळी नऊला करावा.

कंपन्यांच्या स्थलांतर विभागातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही एक विनंती. तुमच्या फॉर्ममध्ये ‘पाळीव प्राणी आहे का’ यापुढे मायक्रोचिप क्रमांकाचा रकाना असतो. ती चिप १२ मिलिमीटर लांब असते आणि बुटक्या जातीचा हॅमस्टर असतो पस्तीस-चाळीस ग्रॅमचा. त्या रकान्याऐवजी ‘कोणता प्राणी, वय किती’ एवढंच विचारा आणि ते मुलाखतीनंतर लगेच विचारा. कुटुंबाला तीन महिने आधी कळलं तर निम्मे प्रश्न माझ्यापर्यंत येणारच नाहीत.

आणि ज्यांचं जाणं अजून ‘बहुतेक होईल’ या टप्प्यावर आहे, त्यांनी वाढदिवसाला हॅमस्टर आणू नये. मुलांची शाळा, मित्र, आजी-आजोबा सुटणार, त्याआधी काहीतरी गोड म्हणून तो आणला जातो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी तिकीट काढायच्या आधी या. येताना कुठल्या देशात, कुठल्या राज्यात चाललात आणि विमान कुठे बदलणार आहे ते लिहून आणा. हॅमस्टरला संध्याकाळी सहानंतर आणा, दुपारी तो झोपलेला असतो आणि झोपेतून उठवला की चावतो. शनिवारी गर्दी असते.

आपली,
पुण्यातली एक पशुवैद्य